भाड्याचा संगणक, मालकाची किल्ली

रमजानचा शेवटचा आठवडा कापड व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा असतो, आणि हिशेबातील चूकही त्याच आठवड्यात सर्वांत महाग पडते. अमरावतीला गोदाम आणि अकोल्याला दुकान असलेल्या एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. अमरावतीच्या संगणकात एका ड्रेस मटेरियलचे बारा नग शिल्लक दिसतात. त्यांपैकी आठ नग अकोल्याच्या दुकानातून सकाळीच एका गिऱ्हाइकाला कबूल केलेले असतात. दुपारी अमरावतीहून ते बाराही नग यवतमाळच्या पार्टीच्या नावाने बिल होतात आणि बिल्टीही फाटते. संध्याकाळी अकोल्याचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. ईदच्या तोंडावर परत गेलेले गिऱ्हाईक पुढच्या ईदला येईलच असे नाही. माल होता, भाव ठरला होता, गिऱ्हाईकही होते. पण हिशेब दोन ठिकाणी दोन वेगळ्या संगणकांत होता.

यावर उपाय म्हणून आजकाल "हिशेब क्लाऊडवर टाका" असा सल्ला सर्रास दिला जातो. अमरावतीच्या सिटीलँड-बिझीलँडपासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत हा शब्द ऐकू येतो. परंतु क्लाऊड म्हणजे नेमके काय, तो घ्यायचा कसा, त्याचे भाडे कसे मोजले जाते आणि मुख्य म्हणजे त्याची किल्ली कोणाच्या खिशात राहते, हे विचारणारे व्यापारी फार थोडे. आपण सगळे संगणकवाल्या मुलावर सोपवून मोकळे होतो. म्हणून या लेखात हे काम पायरीपायरीने समजावून घेऊ.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढग असला तरी आपला हिशेब आभाळात जात नाही. तो दुसऱ्याच्या इमारतीतील संगणकात जातो. मोठ्या कंपन्यांनी हजारो संगणकांच्या इमारती उभारल्या आहेत. तेथे चोवीस तास वीज असते, थंड हवा असते आणि पहारा असतो. त्या संगणकांतील एक हिस्सा आपण तासाच्या भावाने भाड्याने घेतो. अशा एका भाड्याच्या संगणकाला इन्स्टन्स म्हणतात. आपल्या भाषेत एक नग म्हणा. तो नग मागवून, उभा करून, वापरण्यास तयार करून देण्याच्या कामाला प्रोव्हिजनिंग असे नाव आहे.

या इमारती आता आपल्या राज्यातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे ही सेवा सुरू केली. अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली. अकोल्याच्या व्यापाऱ्याचा हिशेब मुंबईतच राहू शकतो ही मोठी सोय आहे. अंतर कमी असल्यामुळे पडद्यावर उत्तर लवकर येते. शिवाय कायद्याचा प्रश्नही सुटतो. ज्यांचा धंदा कंपनी म्हणून नोंदलेला आहे त्यांना ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीनुसार हिशेबाच्या पुस्तकांची प्रत दररोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. एकट्या मालकीच्या दुकानाला हा नियम लागू नाही. पण जीएसटीचा कायदा त्यालाही लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, हिशेब जपून ठेवावा लागतो. वऱ्हाडातला मेचा उन्हाळा आणि विजेचा लपंडाव सोसणारा दुकानातील एकुलता एक संगणक सहा वर्षे टिकेल, याची खात्री कोण देईल?

एका ओळीचा हुकूम

भाड्याचा संगणक दोन प्रकारे मागवता येतो. पहिला प्रकार म्हणजे कंपनीच्या पानावर जाऊन माऊसने एकामागून एक बटणे दाबणे. दुसरा प्रकार म्हणजे काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून हुकूम देणे. या दुसऱ्या प्रकाराला कमांड लाइन म्हणतात.

उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना तो काळा पडदा आणि त्यावरची इंग्रजी ओळ पाहून धडकी भरते. वास्तविक वऱ्हाडच्या व्यापाऱ्याला ही पद्धत नवी नाही. कापसाचा आणि कापडाचा व्यापार कित्येक पिढ्या तारेवर चालला. तारेत शब्दामागे पैसे पडत, म्हणून कमीत कमी शब्दांत माल, नग, भाव आणि वाहतूक सांगावी लागे. एक शब्द चुकला तर भलताच माल येई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण कमांड लाइन म्हणजे तसलीच तार होय. फरक एवढाच की तार वाचणारा माणूस शंका आली तर उलट विचारत असे. संगणक बहुधा विचारत नाही. तुम्ही जे लिहाल ते तो काही क्षणांत करून टाकतो आणि त्याच क्षणापासून मीटर सुरू होते.

मग बटणे सोडून ओळ का लिहावी? कारण ओळ कागदावर उतरवून ठेवता येते. सूरतच्या पेढीला दिलेल्या ऑर्डरची नक्कल आपण फाईलला लावतो, तशीच ही नक्कल राहते. उद्या संगणक बदलावा लागला, किंवा टाइप करणारा मुलगा पुण्याला नोकरीस गेला, तर दुसरा माणूस तीच ओळ वापरून तसाच संगणक पुन्हा उभा करू शकतो. बटणे कोणती दाबली होती हे मात्र महिन्याभराने दाबणाऱ्यालाही आठवत नाही.

आधी खाते, मग किल्ली

पहिला नियम असा की क्लाऊडचे खाते मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर उघडावे. संगणकवाल्या मुलाने घाईत स्वतःच्या ईमेलवर खाते उघडले, तर तो कितीही इमानदार असला तरी तुमच्या सहा वर्षांच्या हिशेबाचा कायदेशीर ताबा त्याच्याकडे जातो. दुकान आपले आणि गाळ्याचा भाडेपट्टा नोकराच्या नावावर, असे आपण कधी करू का?

खाते उघडताना आपला जीएसटी नंबर आठवणीने भरावा. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. नंबर दिलेला असेल तर नियमित करदात्याला त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ती मिळत नाही, म्हणून त्याने भाव पाहताना कर धरूनच हिशेब करावा.

मूळ खात्याला दुहेरी कुलूप लावावे, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरील आकडाही विचारला जाईल. हे मूळ खाते रोजच्या कामाला वापरू नये. काम करणाऱ्या मुलासाठी आतूनच एक वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते काढावे आणि त्याला त्याची स्वतंत्र किल्ली द्यावी. ही किल्ली म्हणजे अक्षरे आणि आकडे यांच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ किल्लीचा नंबर आणि दुसरी गुप्त खूण. मुलगा काम सोडून गेला की फक्त त्याची किल्ली बंद करावी. बाकी कारभार चालू राहतो. किल्ली व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवू नये. जिच्या हाती ती पडेल ती व्यक्ती तुमच्या खर्चाने शंभर संगणक भाड्याने घेऊ शकते.

पहिली पायरी : संगणक भाड्याने घेणे

उदाहरणासाठी अॅमेझॉनची सेवा घेऊ, कारण तिची माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. इतर सेवांत शब्द वेगळे असतात, पण क्रम साधारण असाच असतो. पुढे दिलेले हुकूम पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहावयाचे आहेत. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

कंपनीचा एक छोटा प्रोग्राम आधी आपल्या संगणकावर टाकावा लागतो. तो टाकल्यावर "एडब्ल्यूएस कॉन्फिगर" असा हुकूम दिला की तो चार प्रश्न विचारतो. किल्लीचा नंबर कोणता? गुप्त खूण कोणती? नेहमीचा विभाग कोणता? उत्तर कोणत्या नमुन्यात हवे? यातील तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. विभाग म्हणजे इमारत कोणत्या शहराची. मुंबईसाठी "एपी-साउथ-१" असे लिहावे लागते. येथे चूक झाली तर तुमचा संगणक अमेरिकेत उभा राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मग मुख्य हुकूम येतो. त्याची सुरुवात "एडब्ल्यूएस ईसी-टू रन-इन्स्टन्सेस" अशी असते, आणि पुढे ऑर्डरचा तपशील येतो. प्रत्येक तपशिलाच्या नावापूर्वी दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात. कापडाच्या ऑर्डरमध्ये जशी क्वालिटी, पन्हा, रंग आणि ताक्यांची संख्या लिहितो तसेच हे तपशील आहेत.

"इमेज-आयडी" म्हणजे संगणकात आधीपासून कोणती प्रणाली भरलेली हवी. हिशेबाच्या सर्व्हरसाठी बहुधा उबुंटू नावाची मोफत प्रणाली घेतात.

"इन्स्टन्स-टाइप" म्हणजे संगणकाचा आकार. "टी-थ्री-डॉट-मीडियम" या प्रकारात ४ जीबी स्मरणशक्ती मिळते. दोन ठिकाणच्या एका दुकानाला सुरुवातीस तेवढी पुरते. मोठा आकार घेण्याचा मोह टाळावा. पुढे गरज पडली तर संगणक थांबवून आकार वाढवता येतो.

"काउंट" म्हणजे नग किती. येथे १ लिहावे. चुकून १० लिहिले तर दहा संगणक मागितले असा अर्थ होतो, आणि खात्याची मर्यादा आड आली नाही तर दहाही उभे राहतात.

"की-नेम" म्हणजे संगणकात शिरण्याच्या किल्लीचे नाव. ही वर सांगितलेल्या किल्लीहून वेगळी आहे. ती तयार करताना एकदाच हाती मिळते, कंपनी दुसऱ्यांदा देत नाही. म्हणून तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवावी.

"सिक्युरिटी-ग्रुप" म्हणजे संगणकाचे कोणते दरवाजे उघडे राहतील. दरवाज्यांना नंबर असतात. दुकानातील लोकांना हिशेब पाहण्यासाठी ४४३ नंबरचा दरवाजा लागतो. कारागिराने आत जाऊन दुरुस्ती करण्याचा दरवाजा २२ नंबरचा. तो सर्व जगाला उघडा न ठेवता फक्त आपल्या ठिकाणच्या पत्त्यापुरता उघडा ठेवावा.

हुकूम पाठवण्यापूर्वी शेवटी "ड्राय-रन" हा शब्द जोडून एकदा तालीम करावी. याने संगणक घेतला जात नाही. तो घेण्याची परवानगी आपल्या किल्लीला आहे की नाही एवढे तपासले जाते. येथे नवखा माणूस घाबरतो, कारण उत्तर चुकीच्या संदेशासारखे दिसते. त्या उत्तरात विनंती यशस्वी झाली असती, पण ड्राय-रनची खूण लावलेली आहे, असा मजकूर असेल तर सर्व ठीक आहे असे समजावे. मग "ड्राय-रन" काढून तीच ओळ पुन्हा पाठवावी. उत्तरात संगणकाचा नंबर येतो, त्याची सुरुवात इंग्रजी आय या अक्षराने होते. हा नंबर बिल्टीच्या नंबरसारखा वहीत तारखेसह उतरवून घ्यावा. सुरुवातीला संगणकाची अवस्था "पेंडिंग" दिसते, थोड्या वेळात ती "रनिंग" होते. रिकामा गाळा ताब्यात आला.

दुसरी पायरी : गाळ्यात हिशेबाचे दुकान मांडणे

आता त्या गाळ्यात हिशेबाचा प्रोग्राम बसवायचा. बाजारात विकत मिळणारे अनेक प्रोग्राम आहेत. येथे आपण ईआरपीनेक्स्टचे उदाहरण घेऊ. याचे कारण म्हणजे तो आपल्याच राज्यात तयार झाला. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीने तो बनवला आहे. ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये ती कंपनी सुरू केली. प्रोग्राम मुक्त परवान्याखाली दिलेला असल्यामुळे तो वापरण्याची किंमत पडत नाही आणि त्याची घडण कोणालाही पाहता व बदलता येते. विक्री, खरेदी, उधारी, गोदामाचा साठा आणि कारागिरांना शिलाईसाठी दिलेला माल, हे सर्व त्यात एका जागी येते. अमरावतीचे गोदाम आणि अकोल्याचे दुकान ही दोन वेगळी गोदामे म्हणून मांडली की कोणता नग कोठे आहे ते दोन्हीकडे एकाच वेळी दिसते.

याचाही कारभार हुकमांनीच चालतो. त्याच्या हुकमी साधनाचे नाव "बेंच". पहिल्यांदा ते साधन आणि त्याला लागणारे इतर प्रोग्राम बसवावे लागतात. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. पुढचे हुकूम मात्र मालकाने समजून घेण्यासारखे आहेत.

"बेंच गेट-अॅप ईआरपीनेक्स्ट" या हुकमाने प्रोग्राम आणला जातो. येथे एक फसगत आहे. कोणती आवृत्ती हवी हे सांगितले नाही तर कारखान्यात अजून काम चालू असलेली कच्ची आवृत्ती येते. म्हणून "ब्रँच" हा शब्द लिहून पुढे स्थिर आवृत्तीचे नाव द्यावे. थान धुऊन, इस्त्री होऊन आलेले हवे की मागावरून उतरलेले कोरे, हे सूरतच्या पेढीलाही सांगावेच लागते.

"बेंच न्यू-साइट" आणि पुढे आपल्या दुकानाचे नाव लिहिले की तुमच्या हिशेबासाठी एक नवी कोरी वही तयार होते. हाच त्या सेवेचा तुमचा स्वतःचा नग. त्या वेळी व्यवस्थापकाचा पासवर्ड विचारला जातो. तो मालकाने स्वतः टाइप करावा. त्यानंतर "इन्स्टॉल-अॅप" या हुकमाने प्रोग्राम त्या वहीला जोडला जातो. जीएसटीच्या कामासाठी इंडिया कम्प्लायन्स नावाचा वेगळा मोफत प्रोग्राम आहे, तोही अशाच रीतीने जोडता येतो.

एका संगणकावर अशा अनेक वह्या राहू शकतात. म्हणून प्रथम एक तालमीची वही काढावी. महिनाभर जुन्या पद्धतीबरोबर तीही भरावी. दोन्हीकडचा मेळ बसला म्हणजेच खरी वही सुरू करावी. जुनी पद्धत बंद करण्याचा मुहूर्त सीझनच्या तोंडावर कधीही धरू नये.

मीटर आणि माझी चूक

आता भाड्याचा हिशेब पाहू. समजा संगणकाचा भाव तासाला ४ रुपये आहे. महिन्याचे ७२० तास धरले तर २८८० रुपये होतात. त्यावर १८ टक्के कर ५१८ रुपये ४० पैसे. एकूण ३३९८ रुपये ४० पैसे. याखेरीज डिस्कचे भाडे वेगळे आणि इंटरनेटवरील पत्त्याचेही वेगळे. अॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा अमेरिकी सेंट आकारणे सुरू केले, म्हणजे ७२० तासांचे ३ डॉलर ६० सेंट. भाव बदलत असतात, म्हणून घेण्याच्या दिवशी कंपनीचा दरफलक पाहून हा हिशेब स्वतः मांडावा.

"स्टॉप" आणि "टर्मिनेट" या दोन हुकमांतील फरक प्रत्येकाने पाठ करावा. "स्टॉप" म्हणजे गाळ्याचे शटर ओढणे. संगणकाचे भाडे थांबते, पण आत ठेवलेल्या मालाचे, म्हणजे डिस्कचे आणि राखून ठेवलेल्या पत्त्याचे भाडे चालूच राहते. "टर्मिनेट" म्हणजे गाळा कायमचा सोडणे. त्याबरोबर मुख्य डिस्कही बहुधा पुसली जाते आणि ती परत मिळत नाही. पहिल्यात पैसे हळूहळू जातात, दुसऱ्यात हिशेब एकदम जातो. खऱ्या वहीच्या संगणकाला टर्मिनेट होण्यापासून संरक्षण देण्याची सोय आहे. ती सुरू करून ठेवावी.

या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. एका सेवेवर आम्ही तालमीसाठी एक संगणक घेतला होता. काम झाले, आणि तो बंद केला असे आम्ही धरून चाललो. पुढे तीन महिने कार्डातून रक्कम जात राहिली. बँकेचा कागद पाहून मी भाच्याला बसवले. त्याने यादीचा हुकूम दिला आणि म्हणाला, "मामू, यादी तर रिकामी आहे."

"यादी रिकामी, मग भाडे कशाचे जाते बेटा?" मी विचारले.

शोधता शोधता समजले की पहिल्या दिवशी विभागाच्या प्रश्नावर मी नुसते एंटर दाबून पुढे गेलो होतो, आणि संगणक अमेरिकेतल्या विभागात उभा राहिला होता. आम्ही यादी मुंबईची मागत होतो. ती खरोखरच रिकामी होती. ज्या गोदामाची यादी मागाल त्याच गोदामाची ती मिळते. चूक कंपनीची नव्हती, माझीच होती. गेलेली रक्कम फार मोठी नसली तरी दुकानातील मुलाचा एक महिन्याचा पगार तीत निघाला असता. तेव्हापासून आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्व विभागांची यादी आणि बिल समोरासमोर ठेवून ताडून पाहतात. तसेच खर्चाची मर्यादा लिहून ठेवली आहे. ती ओलांडली जाऊ लागली की मालकाला ईमेल येतो. पण हे लक्षात असावे की असा इशारा फक्त कळवतो. मीटर आपोआप बंद करीत नाही.

प्रत घेणे आणि प्रत तपासणे

हिशेब मुंबईला ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला असे समजू नये. इमारत कंपनी सांभाळते, आतील माल आपणच सांभाळायचा असतो. नोकराने चुकून नोंदी पुसल्या तर कंपनी त्या परत आणून देणार नाही. वहीत आपले एकट्याचे काही नसते. गिऱ्हाइकाची उधारी, कारागिराची मजुरी, भागीदाराचा हिस्सा ही सर्व लोकांची अमानत तीत असते.

"बेंच", मग "साइट" व दुकानाचे नाव, आणि पुढे "बॅकअप" असा हुकूम दिला की वहीची प्रत तयार होते. "विथ-फाइल्स" हे शब्द जोडले तर वहीला लावलेली बिलांची चित्रेही प्रतीत येतात. ही प्रत त्याच संगणकावर तयार होते, म्हणून ती तेथेच ठेवून उपयोग नाही. गोदामाला आग लागली तर गोदामात ठेवलेले विम्याचे कागदही जळतात. प्रत दररोज दुसऱ्या जागी हलवावी, आणि आठवड्यातून एक प्रत आपल्या घरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे प्रत उघडून पाहणे. तीन महिन्यांतून एकदा तालमीच्या वहीत "रिस्टोअर" या हुकमाने जुनी प्रत भरावी. मग कोणत्याही दहा गिऱ्हाइकांची उधारी आणि दहा नगांचा साठा खऱ्या वहीशी ताडून पाहावा. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे ताका न उलगडता मोजमाप मान्य करणे होय.

इंटरनेट बंद पडल्यास काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी गल्ल्याजवळ छापील बिलबुक असावे. लाइन आल्यावर त्याच दिवशी त्या नोंदी वहीत चढवाव्यात. मोबाइलचे इंटरनेटही हाताशी ठेवावे.

हे सर्वांनी करावे का?

एकच लहान दुकान, एकच गल्ला आणि दिवसाला मोजकी बिले असतील तर भाड्याचा संगणक स्वतः उभारण्याची गरज नाही. तयार सेवा महिन्याच्या ठरावीक दराने मिळतात. फ्रॅपे कंपनी स्वतःही अशी सेवा देते. तेथे संगणकाची देखभाल त्यांच्याकडे असते, पैसे थोडे जास्त पडले तरी डोक्याचा ताप वाचतो. एकट्या शिंप्याला किंवा जरीकाम करणाऱ्याला तर चांगली लिहिलेली वही आणि मोबाइलवरील साधा प्रोग्राम पुरेसा आहे. दोन-तीन ठिकाणी साठा, बाहेर दिलेले शिलाईकाम आणि मोठी उधारी असेल तेथेच हा खटाटोप फायद्याचा ठरतो.

परंतु सेवा तयार घ्या किंवा स्वतः उभारा, चार प्रश्नांची उत्तरे मालकाला स्वतःला देता आली पाहिजेत. खाते कोणाच्या नावावर आहे? संगणक कोणत्या विभागात आहे आणि त्याचा नंबर काय? कालची प्रत कोठे ठेवली आहे? आज सोडून जायचे ठरवले तर आपला हिशेब कोणत्या स्वरूपात हाती मिळेल?

व्यापारी बंधूंनो, टाइप करण्याचे काम मुलगा करील, भाचा करील किंवा पगारी माणूस करील. पण हुकमाची ओळ त्याने आधी कागदावर लिहून आपल्यापुढे ठेवावी आणि आपण ती वाचून त्यावर सही करावी. सूरतची ऑर्डर पाठवताना आपण हेच करतो. त्या ओळीत पाहण्यासारखे शब्द सात-आठच असतात, आणि ते वाचायला शिकण्यास एक दुपार पुरते. येत्या जुम्म्याला दुकान अर्धा दिवस बंद असेल तर नमाजनंतरची ती दुपार या कामाला द्यावी, आणि वरील चार प्रश्नांची उत्तरे आपल्या हाताने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.